नरिमन पॉइंट ते जुहू: किनाऱ्याकिनाऱ्याने एका दिवसात पायी

नरिमन पॉइंटपासून जुहू चौपाटीपर्यंत किनारा धरून चाललात तर अंतर साधारण ३३ ते ३६ किलोमीटर भरते. चढ म्हणावा असा एकच, मलबार हिलचा. वाट कुठेही अवघड नाही, चहा-पाणी दर कोपऱ्यावर आणि लोकल हाकेच्या अंतरावर. त्यामुळेच लोक तयारी न करता निघतात, आणि पुष्कळांची चाल दादर ते माहीमच्या दरम्यान संपते. तळपायाला फोड आलेले असतात, डोक्यावर भर दुपारचे ऊन असते आणि जिथे वाळूवरून जायचे ठरवले होते तिथे पाणी भिंतीला टेकलेले असते. या तिन्हींची मुळे निघण्याच्या कितीतरी आधी रुजलेली असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी भरती-ओहोटी, तिच्यावरून तारीख, मग पाय आणि बूट, मग वेळ. रस्ता सर्वांत शेवटी.

१. तारीख ठरवा, पण पंचांग पाहून

बहुतेक जण सोयीचा रविवार आधी धरतात आणि भरतीची वेळ आदल्या रात्री पाहतात. हा क्रम उलटा करा.

मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असते आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या आसपास आणि पुढचे एक-दोन दिवस भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मुंबईत उधाणाची भरती नेमकी दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, आणि पहाटे निघालेला माणूस दादरच्या वाळूवर पोचतो तो त्याच्या जरा आधी. पौर्णिमेच्या रविवारी निघालेल्यांची फजिती होते ती इथे.

कोकणात पूर्वापार चालत आलेला आडाखा इथेही कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. नवमी असेल तर नऊचे पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास भरती, दुपारी एकच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते. तारखा चाळायला तो पुरेसा आहे. नक्की वेळेसाठी मात्र भरतीच्या तक्त्यात मुंबई, अपोलो बंदर हे ठिकाण पाहा.

या वाटेसाठी सगळ्यात चांगल्या तिथी अष्टमी ते एकादशी, पक्ष कोणताही चालेल. अष्टमीला बाराच्या सुमारास आणि एकादशीला अडीचच्या सुमारास ओहोटी असते, त्यामुळे तुम्ही दादरला असता तेव्हा पाणी उतरलेले किंवा उतरत असते. संध्याकाळी जुहूला पाणी पुन्हा चढत असेल, पण भांगाच्या दिवसांत तिथली रुंद वाळू सगळी बुडत नाही.

तक्त्यातला आकडा वाचताना एक चूक हमखास होते. ४.५ मीटर म्हणजे साडेचार मीटरच्या लाटा, असे लोक समजतात. तो आकडा ठरावीक संदर्भपातळीपासून मोजलेली पाण्याची उंची सांगतो. लाटांची उंची त्यावर वेगळी येते. पावसाळ्यातल्या साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते, ती याच उंचीची असते.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. त्यानंतर ऊन झपाट्याने वाढते, आणि मार्चमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की ही चाल करू नये. जून ते सप्टेंबर हा विचारच सोडा.

> तारीख पक्की करण्याआधी तपासा: ६ डिसेंबर आणि त्याच्या आधीचे दोन दिवस चैत्यभूमी व शिवाजी पार्क परिसरात लाखोंचा जनसमुदाय असतो. त्या दिवसांत तिथून सहल म्हणून जाऊ नये. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते आणि मरीन ड्राइव्ह ते वरळी हे रस्ते सकाळी तिच्यासाठी राखलेले असतात.

हिवाळ्यात हवा खराब असते, हेही धरून चाला. दमा असेल तर आदल्या संध्याकाळी हवेची गुणवत्ता पाहून निर्णय घ्या. आकडा २०० च्या वर असेल तर पंधरा दिवस थांबा, तीच तिथी पुढच्या पक्षात परत येते.

२. सहा आठवड्यांचा सराव

रोज पाच-सहा किलोमीटर चालणाऱ्याला वाटते की आपण पस्तीस सहज चालू. दम पुरतोही, पण तळपाय पुरत नाही, कारण या वाटेवर जवळपास सगळा पृष्ठभाग काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि डांबर असा कडक आहे. म्हणून सरावही कडक जमिनीवरच करा. आठवड्यातून एक लांब चाल ठेवा: १०, १४, १८, २०, २४ किलोमीटर, आणि सहाव्या आठवड्यात फक्त १० किंवा १२. सर्वांत लांब चाल मुख्य दिवसाच्या दोन आठवडे आधी व्हायला हवी. त्याच आठवड्यात केलीत तर दमलेले पाय घेऊन निघाल.

२४ किलोमीटरच्या चालीला जे बूट, मोजे आणि पाठपिशवी वापराल, तेच सामान मुख्य दिवशी. नवीन काही नको, टोपीसुद्धा.

३. बूट, मोजे आणि पट्टी

चाल अर्ध्यावर सुटते ती बहुतेक वेळा फोडांमुळे. फोड घर्षण, ओल आणि उष्णता यांनी येतो. मुंबईच्या दमटपणात यातल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, म्हणून घर्षणावर लक्ष द्यायचे.

बूट हलके, रनिंगचे किंवा वॉकिंगचे. डोंगरात वापरतो ते घोट्यावर चढणारे जड बूट इथे नकोत. ते तापतात, आणि डांबरावर त्यांच्या कडक तळाचा काही फायदा नाही. चालून चालून पाय सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्या आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. बूट मुख्य दिवसाआधी ६० ते ८० किलोमीटर चाललेले असावेत. पार झिजलेले, जिथे टाचेची बाहेरची कड तिरकी दिसते, असे बूटही टाळा.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि ओला मोजा कातडी मऊ करतो. कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या. तीन जोड हवेत, एक पायात आणि दोन पिशवीत. दुसरा जोड दादरला घालायचा, मग पाय कितीही बरे वाटोत. तिसरा वाळूत ओले झालात तर.

पट्टी निघण्याआधी घरीच लावा. औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप नाजूक जागांना चालते, टाचेला मात्र कापडी टेप लागते. पद्धत अशी: पाय धुऊन पूर्ण कोरडा करा, त्याआधी तेल किंवा क्रीम लावू नका. टाचेच्या मागे आडवी पट्टी घ्या आणि तिची दोन्ही टोके घोट्याच्या खाली सपाट दाबा. कोपरे कात्रीने गोल कापा, कारण चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उलगडतो. पट्टी ताणून लावू नका, ताणलेली पट्टी आकसते आणि कातडीला ओढते. कुठेही सुरकुती राहिली तर ती काढून नवीन लावा, कारण त्या सुरकुतीखालीच फोड येईल. अंगठ्याच्या बाजूला आणि करंगळीवरही एक-एक पट्टी.

नखे चार-पाच दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटात रुतते.

> वाटेतला नियम: पायात कुठेही चुरचुर जाणवली की तिथल्या तिथे थांबा, बूट काढा, पाय कोरडा करा, पट्टी लावा. याला पाच मिनिटे लागतात. ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणालात की दोन किलोमीटरमध्ये फोड तयार होतो आणि मग उरलेला दिवस लंगडत जातो.

४. पिशवीत काय

एकूण वजन ४ किलोच्या आत. त्यातले निम्मे पाणी.

पाणी दोन लिटर बरोबर आणि वाटेत भरत राहायचे. हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर धरा. नुसते पाणी दिवसभर पिणे ही मोठी चूक आहे, कारण घामातून मीठ जाते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ते पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे पाकीट ओतले की द्रावण दुप्पट तीव्र होते, मळमळते, आणि मग लोक ओआरएसलाच दोष देतात. दिवसभरात अशी दोन पाकिटे पुरतात. मधे एखादे लिंबूपाणी किंवा कोकम सरबत, मीठ घातलेले. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

खाणे थोडे थोडे, दर तासा-सव्वातासाने: केळे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, तिखटमिठाच्या दशम्या. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, चालता चालता खाता येते.

बाकी सामान: टोपी (मागे मान झाकणारी), उन्हाचे मलम, लहान रुमाल, टेप आणि कात्री, पातळ प्लास्टिकची पिशवी, मोबाइलसाठी पॉवर बँक, सुट्टे पैसे, कागदी साबण. सुट्ट्या नाण्यांचे महत्त्व सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात कळते. महिलांनी थांबे स्वच्छतागृहावरून ठरवावेत: मरीन ड्राइव्ह, हाजीअली, दादर, बँडस्टँड, जुहू. या क्रमात मधे फार अंतर पडत नाही.

५. दिशा आणि वेळ

दक्षिणेकडून उत्तरेकडेच चाला. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे चालणाऱ्याच्या पाठीवर ऊन पडते. उलट दिशेने गेलात तर तेच ऊन चार तास तोंडावर. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो डावीकडून आणि समोरून येतो आणि थकव्यात बरा वाटतो. ऊन डाव्या बाजूने जास्त लागते, म्हणून डावा कान, मानेची डावी बाजू आणि डावा हात यांना मलम लावायला विसरू नका, दर दोन तासांनी.

निघण्याची वेळ पहाटे साडेपाच. पहाटेची लोकल धरून चर्चगेटला उतरा आणि नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्य-संगीताच्या केंद्रापाशी चालत या. सूर्योदय सातनंतर होतो, पण मरीन ड्राइव्हवर दिवे आणि माणसे दोन्ही असतात.

ही वेळ का, तर वेग ताशी ४ किलोमीटर धरला की दादरला सव्वाअकरा, वांद्र्याच्या किल्ल्यावर दोन-सव्वादोन आणि जुहूला पाचच्या सुमारास पोचता. सूर्यास्त सहा-साडेसहाला आहे, हाताशी एक तास उरतो. सात वाजता निघालेल्यांचा हाच तास जातो.

पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू चाला. मरीन ड्राइव्हवर सकाळी पळणारे असतात, त्यांच्या नादाने वेग वाढतो, आणि त्याची किंमत माहीमला मोजावी लागते.

६. टप्पा पहिला: नरिमन पॉइंट ते प्रियदर्शिनी पार्क (सुमारे ८.५ किमी)

मरीन ड्राइव्हचा पदपथ साडेतीन किलोमीटरच्या थोडा वर. बॅकबेचा हा कमानीसारखा काठ सलग आहे, कुठेही वळावे लागत नाही. गिरगाव चौपाटीवर वाळूत उतरू नका, इतक्या लवकर बुटात वाळू घेण्यात अर्थ नाही.

कठड्यापलीकडच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरणे जिवाशी खेळ आहे. ते शेवाळाने निसरडे असतात आणि मधल्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणे फार कठीण जाते.

चौपाटीनंतर रस्ता वाळकेश्वरकडे चढतो. इथे पहिली ठरलेली चूक होते. नकाशावर किनारा मलबार हिलच्या टोकाला वळसा घालतो, म्हणून लोक तसेच पुढे जातात. टोकाला लोकभवन (पूर्वीचे राजभवन) आहे, पुढे वाट नाही. तीन बत्तीपाशी ठरवा. बाणगंगा पाहायची असेल तर खाली उतरून त्याच वाटेने परत या, दीड-दोन किलोमीटर जास्त धरा. नाहीतर सरळ वर फिरोजशहा मेहता उद्यानाकडे. चढ ५० मीटरच्या आसपासचा, पण पायऱ्या आणि उतार टाचांना बूट घासवतात. उतार सुरू होण्याआधी नाडी घट्ट करा. उतरून नेपियन सी रोडने प्रियदर्शिनी पार्क.

> तपासा: आठ वाजले का, पाऊण लिटर पाणी पोटात गेले का, टाचा कोरड्या आहेत का. इथे पहिला दहा मिनिटांचा थांबा, बूट काढून.

७. टप्पा दुसरा: प्रियदर्शिनी पार्क ते वरळी (सुमारे ७ किमी)

सागरी किनारा रस्त्यालगतचा समुद्राकडचा पदपथ, ज्याला महापालिका विहार क्षेत्र म्हणते, तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला आणि ही वाट पूर्वीपेक्षा कितीतरी समुद्राजवळ आली. पण तो सलग मिळेल असे धरू नका. त्यावर जायचे-यायचे ते रस्त्याखालच्या मोजक्या भुयारी मार्गांनी. एक चुकला की पुढच्यापर्यंत चालत जाण्यावाचून इलाज नाही. मुख्य रस्ता ओलांडणे बेकायदा आहे आणि गाड्यांचा वेग पाहता जीवघेणेही. पदपथावर सावली जवळपास नाही, म्हणून टोपी इथेच चढवा. बंद असेल तर ब्रीच कँडीवरून भुलाभाई देसाई मार्गाने हाजीअली, तिथे झाडे तरी आहेत.

हाजीअली दर्ग्याची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. दर्शनाला जायचे तर अर्धा तास वेगळा धरा आणि पाणी चढत असेल तर टाळा.

हाजीअलीहून लाला लजपतराय मार्गाने वरळी सीफेस गाठा. सीफेसचा कट्टा रुंद आहे, बसायला उत्तम. दुसरा थांबा इथे, पंधरा मिनिटांचा.

८. टप्पा तिसरा: वरळी ते दादर चौपाटी (सुमारे ४.५ किमी)

दुसरी ठरलेली चूक: वरळी सीफेस संपला की समोर सी-लिंक दिसतो आणि पलीकडे वांद्रे. सी-लिंकवर पादचाऱ्यांना बंदी आहे. मग लोक वरळी कोळीवाड्यात शिरतात, पलीकडून दादरकडे वाट निघेल या आशेने. कोळीवाडा भूशिरावर आहे, किल्ल्यापाशी जमीन संपते. किल्ला पाहायचा असेल तर जरूर जा, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर होतील हे मोजून. वाळत घातलेल्या मासळीच्या आणि जाळ्यांच्या मधून घाईने जाऊ नका, ती लोकांची कामाची जागा आहे.

पुढची वाट समुद्र सोडून आत येते: डॉ. ॲनी बेझंट मार्ग, सेंच्युरी बाजार, प्रभादेवी, सिद्धिविनायक. हा सगळ्या दिवसातला सर्वांत रुक्ष तुकडा आहे, वाहनांचा आवाज, धूर आणि चढते ऊन. तो सलग पार करा. मंगळवारी सिद्धिविनायकापाशी गर्दी इतकी असते की पदपथावरून चालणे अवघड, शक्यतो तो वार नको.

कीर्ती कॉलेजच्या बाजूने दादर चौपाटीकडे वळलात की जेवणाची वेळ. इथे थाळी खाऊ नका. पोटभर जेवून उठलेला माणूस पहिल्या किलोमीटरमध्ये जड होतो, आणि पुढे पंधरा किलोमीटर आहेत. थालीपीठ-दही किंवा दहीभात, अर्धपोटी. वडापाव खायचाच तर एक. पाऊण तास थांबा, त्यातली वीस मिनिटे पाय वर करून.

> इथे करायचेच: मोजे बदला, पट्ट्या तपासा, दोन्ही बाटल्या भरा. सकाळपासून लघवी एकदाच झाली असेल किंवा रंग गडद असेल, तर अर्धा लिटर ओआरएस हळूहळू पिऊन मगच उठा. डोके ठणकत असेल, मळमळत असेल, उन्हातही अंगावर शहारे येत असतील तर चाल इथेच संपवा. दादर स्टेशन जवळ आहे, मेट्रोही आहे.

९. टप्पा चौथा: दादर ते वांद्रे किल्ला (सुमारे ७ किमी)

माहीमच्या उपसागराचा हा काठ. वाळूवर उतरण्याआधी चैत्यभूमीच्या बाजूला किनाऱ्यावरची दगडी भिंत नीट पाहा. तिच्यावर एक हिरवट, ओलसर पट्टा दिसतो, खाली गडद आणि वर फिकट होत गेलेला. पाणी नेहमी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत शेवाळ धरते. तो पट्टा तुमच्या गुडघ्याच्या वर आहे आणि पाणी चढते आहे, एवढे दिसले की वाळूवरून जायचे नाही, वीर सावरकर मार्गाने जायचे. इथे वाळूची पट्टी अरुंद आहे आणि मागे इमारतींच्या भिंती, त्यामुळे बाहेर पडायच्या गल्ल्या एकमेकींपासून लांब पडतात. पाणी पायाशी आल्यावर वाट शोधू म्हणणे इथे चालत नाही.

ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. टाच टेकवून पाहा: ठसा बोटाच्या पेराएवढा उमटला तर जमीन चांगली, घोट्याकडे वाळू सरकू लागली तर वर या. मऊ वाळूत तेवढ्याच अंतराला पोटऱ्यांची मेहनत जवळपास दुप्पट होते. उतरत्या वाळूवर सतत चालल्याने समुद्राकडचा पाय खाली राहतो आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. म्हणून शक्य तितका सपाट पट्टा निवडा.

अनवाणी चालण्याचा मोह आवरा. काचा, खिळे, गळ आणि कधी सुया वाळूत असतात. नाल्यांची तोंडे ओलांडू नका, ते पाणी सांडपाणी आहे आणि फुटलेल्या फोडातून संसर्ग व्हायला एवढे पुरते. नाला आला की रस्त्यावर या, तो ओलांडून पुन्हा खाली.

हिंदुजा रुग्णालयाच्या पुढे माहीम. किल्ल्याकडे जाणारी वाट पुढे निघत नाही. मिठी नदीचे तोंड कितीही उथळ दिसले तरी त्यात पाऊल टाकू नका, खाली कमरेएवढा गाळ असू शकतो. माहीम कॉजवेच्या पदपथानेच वांद्र्यात जायचे. पदपथ अरुंद आणि गाड्या जवळून जातात, म्हणून एकामागे एक.

कॉजवे संपल्यावर डावीकडे वांद्रे रेक्लमेशन, मग लीलावती रुग्णालय आणि रंगशारदेवरून लँड्स एंड, म्हणजे वांद्रे किल्ला. इथे झाडांची सावली आहे. अर्धा तास थांबा. समोर सी-लिंकच्या पलीकडे वरळी दिसते, सकाळी ज्या टोकावरून आत वळलात ते.

१०. टप्पा पाचवा: वांद्रे किल्ला ते खार दांडा (सुमारे ४ किमी)

बँडस्टँडचा पदपथ, मग चिंबई, जॉगर्स पार्क, कार्टर रोड. चालायला सोपे, धोका एकाच गोष्टीचा. ओहोटीला बँडस्टँडचे काळे खडक उघडे पडतात आणि त्यांवर फोटोसाठी जाणाऱ्यांची रीघ लागते. पाणी चढताना ते समोरून येत नाही, मागच्या खळग्यांतून भरत येते, आणि परतीची वाट आधी बुडते. तुम्ही इथे असाल तेव्हा ओहोटी संपून भरती लागलेली असेल. खडकांवर पाऊल नको.

कार्टर रोडच्या टोकाला खारफुटी आणि मग खार दांडा. कोळीवाड्यातून किनाऱ्याने जुहूला जाता येत नाही, मधे नाला आहे.

> तपासा: साडेचार वाजून गेले असतील आणि अजून खार दांड्यालाच असाल, तर खार रोड स्टेशनवरून घरी जा. अंधारात वाळूवर उतरण्यापेक्षा शेवटचा टप्पा पुढच्या रविवारी वेगळा करा.

११. टप्पा सहावा: खार दांडा ते जुहू चौपाटी (४ ते ५ किमी)

आत वळून सांताक्रूझ पश्चिमेकडून जुहू तारा रस्त्याला लागा आणि जुहू कोळीवाड्याच्या पुढे वाळूवर उतरा. ही वाळू रुंद आहे. इथे घाई करू नका, थकलेला घोटा वाळूच्या कडेवर सहज मुरगळतो.

वाळूवर निळसर, फुगलेल्या फुग्यासारखे काही पडलेले दिसले तर ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा दंश करणारा समुद्री जीव. पावसाळ्यात ते जास्त येतात. मेलेल्याचाही दंश होतो, आणि त्याच्या लांब तंतूंचा फुग्यापासून दूरही. लागलेच तर चोळू नका. तंतू चिमट्याने काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा, आग थांबेना तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला तर १०८.

चौपाटीवर पोचल्यावर पाण्यात उतरू नका. दमलेल्या पायांना ओढ जाणवत नाही, आणि संध्याकाळी भरती लागलेली असते. ताबडतोब बसूही नका. दहा मिनिटे सावकाश फिरा, मग पाणी, मग भेळ.

परतायला विलेपार्ले किंवा अंधेरी स्टेशन, बसने नाहीतर रिक्षाने. घरी पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या फटी कोरड्या करा. पट्टी ओढून काढू नका, पाण्यात भिजवून सोडवा. न फुटलेला फोड तसाच ठेवा. फुटला असेल तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी लाली पसरत असेल तर डॉक्टर. बुटांतली वाळू झटका, आतले तळ काढा, साध्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा. मीठ राहिले तर महिन्याभरात शिवण कडक होते आणि पुढच्या वेळी तीच टाचेला लागते.